परसातला भोपळा मूळचा कुठला?

गोडदेवच्या आमच्या जुन्या घरामागे मोरीचं पाणी जिथे मुरायचं, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर आत्या लाल भोपळ्याच्या चार बिया टोचायची. वेल कुंपणावरून थेट कौलांवर. एखादं फळ इतकं वाढे, की उतरवायला दोन माणसं लागत. त्यावर पहिला घाव पुरुषानेच घालायचा, बाईने नाही, असा आमच्याकडे दंडक होता. मोठा भोपळा कापला की टिकत नाही, म्हणून फोडी आळीभर वाटल्या जात. आत्याला कारण विचारलं तर म्हणे, "आपल्यात पहिल्यापासून असंच आहे."

हे 'पहिल्यापासून' म्हणजे कधीपासून, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

लाल भोपळ्याचं कूळ अमेरिका खंडातलं. मिरची, बटाटा, पेरू यांचं माहेरही तेच. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. त्याआधी आपल्या कुणाच्या परसात हा वेल असणं शक्यच नव्हतं. पुढे समुद्रमार्गे ही सगळी मंडळी इकडे आली. आमचं गोडदेव साष्टीच्या उत्तर टोकाला, खाडीपलीकडे वसई. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मराठ्यांनी साष्टी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये घेतली. म्हणजे दोनशे वर्षं जहाजांची ये-जा आमच्या दाराशीच होती.

मग आपल्या जुन्या बोलण्यातला भोपळा कुठला? तो दुध्याच्या कुळातला. वीणेचा, साधूच्या तुंब्याचा, पोहायला शिकताना पाठीला बांधायचा. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणतात, तेही याच जातीचे. नव्याने येऊन जुन्याचं नाव घेतलं. आता बाजारात नुसतं 'भोपळा' म्हटलं तर भाजीवाली लालच कापते, आणि जुन्याला 'दुध्या' म्हणून ओळख द्यावी लागते! विदर्भात तर लाल भोपळ्याने कोहळ्याचंही नाव घेतलं. म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परतली तो भोपळा लाल की दुध्या, यावर आमच्या घरी अजून वाद होतो.

परदेशात भोपळा वाढवण्याच्या स्पर्धा होतात. २०२५ साली ब्रिटनमधल्या पॅटन या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोचा भोपळा पिकवला. तिथे परागीकरण हाताने करतात, वेलावर एकच फळ ठेवतात, बियांची वंशावळ लिहितात. आत्याची वंशावळ म्हणजे राखेत घोळून डब्यात ठेवलेल्या बिया.

ती गेली, घर पडलं, इमारत उभी राहिली. सात-आठ वर्षांनी तो डबा सापडला. इमारतीमागच्या पट्ट्यात साऱ्या बिया लावल्या. एकही उगवली नाही. दरवर्षी पेरली नाही तर बी मरते, एवढं साधं मला कळलं नव्हतं. विकतच्या बियांचा भोपळा नऊ किलोंवर गेला नाही.

गेल्या वर्षी मागच्या आळीतल्या एका काकूंनी सहज सांगितलं, की आत्याच्या फोडीतल्या बिया त्या दरसाल लावत आल्या आहेत. मधमाश्या कुणाकुणाच्या फुलावर बसून येतात, तेव्हा तेच वाण आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. चार बिया मागून आणल्या. दोन उगवल्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)