पोटातलं पाणी आणि छातीतला श्वास

भाट्याला किंवा गणपतीपुळ्याला कुणाला पाण्यातून बाहेर काढलं, की गर्दीतून पहिला आवाज येतो, "पोटातलं पाणी काढा!" मग कुणी पोट दाबतं, कुणी पाय धरून उलटं करतं. ही समजूत काही एकट्या कोकणाची नाही. युरोपातही बुडालेल्याला पिंपावर पालथं घालून लोळवत असत.

1767 साली कालव्यांच्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक मंडळ स्थापन झालं. अंगाला ऊब द्या, तोंडाने हवा फुंका, असं त्यांनी सांगितलं. आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडा, असंही! आज आपल्याला हसू येतं. पण मेल्यासारखा दिसणारा माणूस परत येऊ शकतो, हा विश्वास त्यांनी लोकांत रुजवला, तो मोलाचा.

पुढे तोंडाने श्वास देणं मागे पडलं. 1858 मध्ये सिल्व्हेस्टरने उताण्या माणसाचे हात वर-खाली करण्याची रीत सांगितली, तर 1903 मध्ये शेफरने पालथं घालून पाठ दाबण्याची. या रीती पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. पण त्यातून फुप्फुसात हवा किती जाते?

ते नीट मोजलं गेलं 1950 च्या दशकात, अमेरिकेत. इलाम आणि सफार या डॉक्टरांनी औषधाने श्वास थांबवलेल्या माणसांवर प्रयोग केले. आपल्या उच्छ्वासातही सुमारे 16 टक्के प्राणवायू उरतो, आणि तेवढा दुसऱ्याला पुरतो, हे सिद्ध झालं. पाठ दाबून मात्र पुरेशी हवा जात नव्हती. 1960 मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं, हे दाखवलं. श्वास आणि दाब एकत्र आले, तेच आजचं सीपीआर.

मग पोट का दाबायचं नाही? कारण त्याने पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि हाताशी असलेली थोडी मिनिटं वाया जातात. रस्त्यात अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला नुसती छाती दाबूनही आधार मिळतो. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचा प्राणवायूच संपलेला असतो. म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास, मग छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब. तीस दाबांमागे दोन श्वास. एकाने हे करायचं, दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा.

अडीचशे वर्षांत वैद्यकाचा हात पोटावरून छातीवर आला. आपल्या किनाऱ्यावरचा हात अजून पोटावरच आहे. तो आपणच हलवायचा आहे.