पांढऱ्या हत्तीचं दुःस्वप्न

सर्कशीत हत्ती चेंडूवर उभा राहिला की आपण टाळ्या वाजवतो. पण त्या हत्तीला काय वाटत असेल? हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराने ते कागद कापून दाखवलंय.

१९४१ मधल्या मोठ्या ऑपरेशननंतर त्याला फार वेळ उभं राहणं जमेना. मग रंगवलेले कागद आणि कात्री हीच त्याची मुख्य हत्यारं झाली. १९४३-४४ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने केलेली वीस चित्रं १९४७ साली 'जाझ' या पुस्तकात आली. त्यातलाच हा पांढरा हत्ती. चेंडूवर कसरत चाललीय, आणि अंगात लालभडक टोकदार तुकडे घुसलेत. मातीस सांगतो, त्या जंगलाच्या आठवणी!

चित्रात चाबूक कुठेच नाही. टोचतंय ते जंगल...

टाळ्या त्याला ऐकूही येत नसाव्यात.