जिपड्याचे कूळ

इगतपुरीजवळच्या एका माळावर, मळलेली वाट सोडून निव्वळ चिखल, दगड आणि उतार यांवरून गाडी हाकण्याची हौस पुरविणारे जे मैदान आहे, तेथे गेल्या श्रावणात मी चारही चाकांना जोर पोहोचविणारी गाडी प्रथमच हाती घेतली. स्टिअरिंगच्या कड्यात अंगठे अडकवायचे नाहीत, कारण पुढचे चाक दगडावर आपटले की ते कडे उलट फिरून अंगठा मुरगाळते, आणि उभ्या उतारावर धाकटी दांडी ‘फोर-लो’मध्ये टाकून, पहिल्या गिअरात, क्लच आणि ब्रेक दोहोंवरून पाय काढून घेऊन, गाडीला इंजिनाच्या आवरानेच सावकाश उतरू द्यायचे, हे दोन धडे गिरवून मी ओढ्यातून वर येतो तोच बांधावर शेरडे राखीत उभा असलेला एक वृद्ध उद्गारला, “चढलं की जिपडं!” शिक्षकाने तत्परतेने खुलासा केला, की ‘जनरल पर्पज’ची आद्याक्षरे जी.पी., आणि जी.पी.चीच पुढे जीप झाली. शिक्षकाची व्युत्पत्ती चुकीची आहे आणि त्या वृद्धाच्या शब्दात या गाडीचे खरे कूळ उमटले आहे, असे माझे मत आहे.

गाडीची जन्मकथा सर्वश्रुत आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांना खलिते धाडून ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना मागितला. पेनसिल्व्हेनियातील बॅंटम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट याने आराखडा केला, २३ सप्टेंबरला नमुना होलाबर्डच्या छावणीत दाखल झाला, आणि पुढे विलीज व फोर्ड या बड्या कारखान्यांनी युद्ध संपेतो सहा लाखांहून अधिक गाड्या घडविल्या.

वाद आहे तो नावाचा. फोर्डच्या गाडीवर ‘जी.पी.’ ही अक्षरे होती, हे खरे. परंतु फोर्डच्या दप्तरी ‘जी’ म्हणजे सरकारी मागणी आणि ‘पी’ ही दोन आसांमध्ये ८० इंच अंतर असलेल्या गाडीची खूण होती. ‘जनरल पर्पज’चा तेथे मागमूस नाही. अर्थ खोटा असला तरी उच्चार खरा असू शकेल, असा बचाव कोणी करील. पण मग १९४० च्या मिनेसोटातील लष्करी सरावात मिनियापोलिस-मोलीनच्या ट्रॅक्टरालाही शिपाई ‘जीप’च म्हणत होते, त्याची वाट काय? त्याच्यावर तर जी.पी. ही अक्षरे नव्हती.

दुसरा पक्ष अधिक जाणता आहे. त्याच्या मते पहिल्या महायुद्धापासून छावण्यांतील कारागीर नवख्या रंगरुटांना आणि अजून पारखून न घेतलेल्या वाहनांना जीप म्हणत असत. हे मी नाकारीत नाही. परंतु तेवढ्या बोलीने एखादे नाव अखिल राष्ट्राच्या जिभेवर चढत नाही. त्यासाठी मूर्ती लागते, आणि ती मूर्ती मार्च १९३६ मध्ये ई. सी. सेगर या व्यंगचित्रकाराने पॉपायच्या चित्रमालिकेत आणली: ऑर्किडची फुले खाणारा, भिंतीतून आरपार जाणारा, वाटेल तेथे अकस्मात प्रकट होणारा आणि ‘जीप’ एवढेच बोलणारा यूजीन नावाचा चिमुकला प्राणी. कोठेही अडत नाही असे वाहन हाती आल्यावर ती चित्रमालिका वाचून वाढलेल्या शिपायांना दुसरे कोणते नाव सुचणार? छावणीतील जुना शब्द हे बी असेल. पण त्याला अंकुर फुटला तो या प्राण्यामुळे, असा माझा तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये विलीजचा चालक आयर्व्हिंग हाउसमन याने वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर ही गाडी चढविली, तेव्हा तिचे नाव विचारणाऱ्या वार्ताहर बाईंना त्याने ‘जीप’ म्हणून सांगितले. हा शब्द त्याने होलाबर्डच्या शिपायांकडून उचललेला होता. तो वृत्तपत्रात छापून आला आणि कायमचा झाला.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीजच्या गाड्यांची जुळणी सुरू केली, तेव्हा मराठीने गाडी आणि मोटार यांच्या पंक्तीत बसवून जीपला बिनदिक्कत स्त्रीलिंग दिले. पण घाटावर, वडापच्या मागच्या फळीला लोंबकळत जाणाऱ्या लोकांनी तिचे जिपडे केले, म्हणजे करडू, वासरू, तट्टू, शेरडू यांच्या नपुंसक गोतात नेऊन बसविले. यूजीनची वार्ताही ज्यांच्या कानी कधी गेली नाही त्यांनी, केवळ चाल पाहून, प्राण्याचे नाव पुन्हा प्राण्याला दिले. फेरी आटोपल्यावर मी त्या वृद्धापाशी जाऊन विचारले, “बाबा, जिपडं का म्हणता हो?” त्यांनी कातळावर चढलेल्या आपल्या शेळीकडे काठी केली. “तिच्यावाणी चढतं ना ते,” ते म्हणाले, आणि शेरडे हाकीत ओढ्याकडे उतरले.