डॅशबोर्डावरचा उजेड



इतिहासावर बोलायचे म्हणजे गड, लढाया आणि तहनामे यांवर बोलायचे, अशी आपली समजूत असते. तो अधिकार माझा नाही. दहावीनंतर शाळा सोडून मी एका मोटारगॅरेजात वायरमनच्या हाताखाली पोऱ्या म्हणून लागलो. पुढे कामगार संघटनेच्या कचेरीत रात्री जागून जे वाचले, तेवढीच माझी विद्या. म्हणून आज मी इतिहास सांगणार आहे तो मोटारीच्या डॅशबोर्डावरील टिचभर उजेडाचा. हा उजेड कोठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच माझा प्रश्न आहे.

आरंभीच्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. पुढचे मोठे दिवे कारबाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या वायूवर जळत. बाजूचे दिवे घासलेटवर. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि पुढे बॅटरी ही मोटारीची कायमची सोबतीण झाली. मग वेगाच्या आणि तेलाच्या मीटरमागेही चिमुकला बल्ब जाऊन बसला.

हल्ली जुन्या गाड्या जतन करण्याचा शौक वाढला आहे. कोणी फियाट आणतो, कोणी मॉरिस, कोणी जीप. मालकाची तक्रार पुष्कळदा हीच, की हेडलाइट लागतात, पण मीटर अंधारात. नवशिका लगेच बल्ब बदलतो. जाणता मिस्त्री आधी विजेची परतीची वाट तपासतो. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, स्विच आणि बल्ब असा प्रवास करते. पण परत येताना तिला निराळी तार नसते, ती गाडीच्या लोखंडी अंगातूनच येते. होल्डरला किंवा मीटरच्या स्क्रूला गंज चढला की ही वाट अडते आणि चांगला बल्बही आंधळा होतो. अशा वेळी बॅटरीची अर्थची तार आधी सोडवावी, होल्डर पॉलिश पेपरने लखलखीत करावा, स्क्रू आवळावेत. तरीही उजेड मंदच राहिला तर मीटरपासून बॉडीपर्यंत स्वतंत्र तार द्यावी. छताच्या दिव्याचेही तेच. त्याचा स्विच बहुधा दाराच्या चौकटीत, परतीच्या वाटेवरच असतो, आणि पावसाळ्याचे पाणी मुरते तेही तिथेच. सहा व्होल्टच्या जुन्या गाडीत हा गंज अधिक नडतो. कारण तेवढ्याच वॉटच्या बल्बला बारा व्होल्टच्या मानाने दुप्पट प्रवाह लागतो.

इथवर सारे सरळ आहे. पण तबकडीवर आणखी एक उजेड असे, ज्याला तार लागत नसे की बल्ब. तो रेडियमचा.

पिएर आणि मारी क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधून काढले. त्याचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडमध्ये कालवला की तो रंग अंधारात आपोआप हिरवट चमकतो. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायाला दिवा न लावता घड्याळ पाहायचे होते, वैमानिकाला आपली मीटरे पाहायची होती. १९१७ पासून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज या गावी, हा रंग तबकड्यांवर भरण्यासाठी तरुण मुली कामाला लागल्या. मजुरी नगावर होती. आकडे बारीक, म्हणून ब्रशला टोक हवे. ते ओठांत धरून काढा, असे त्यांना शिकवले गेले. रंग निर्धोक आहे, असेही सांगितले गेले. दर आकड्याला थोडे थोडे रेडियम त्यांच्या पोटात जात होते. त्याच कंपनीचे शास्त्रज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचा आडोसा घेत.

रेडियम शरीरात शिरले की कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजले, हाडे पिचली. डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२५ साली त्यांच्या देहातील रेडियम सिद्ध करून दाखवले. ग्रेस फ्रायर हिला दावा चालवणारा वकील मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. शेवटी १९२७ साली तिने आणि आणखी चौघींनी दावा लावला. कंपनीने मुदतीच्या कायद्यावर बोट ठेवले. दुखणे कळायलाच वर्षे लागतात, आणि कायदा म्हणतो की दोन वर्षांत या! १९२८ साली तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. पुढे इलिनॉय राज्यातील ओटावा गावच्या कॅथरिन डोनह्यू हिने १९३८ साली तिथल्या औद्योगिक आयोगापुढे निकाल जिंकला आणि त्याच वर्षी ती वारली.

हा इतिहास परदेशचा खरा. पण त्याचे टोक मला येऊन टोचले आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या आणि काही लष्करी वाहनांच्या तबकड्यांवर असाच रंग होता, कारण त्यांना दिवे झाकून रात्रीची वाट काढावी लागे. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपगाड्या आपल्याकडेही लिलावात निघाल्या. त्यांतलीच एक आमच्या गॅरेजात आली होती. मीटर उघडून आमचा लहानगा पोऱ्या आकड्यांवरचा तपकिरी पडलेला रंग ब्लेडने खरवडत होता आणि भुकटी तोंडाने फुंकत होता. मी त्याला म्हणालो, "नीट घास रे, स्वच्छ दिसू दे." तो रंग रेडियमचाच होता असे मी शपथेवर सांगू शकत नाही; तपासायचे साधन आमच्याकडे नव्हते. पण नुकसानभरपाईच्या एका प्रकरणासाठी कायद्याची पुस्तके चाळताना, बऱ्याच वर्षांनी, मी त्या मुलींची हकीकत वाचली आणि माझेच शब्द मला आठवले. तो पोऱ्या पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. रंगाची चमक गेली म्हणजे धोका गेला, असे नव्हे. मरते ते झिंक सल्फाइड. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. म्हणून आकड्यांवर जाड, तपकिरी, ठिसूळ रंग दिसला की काच उघडू नका, रंग खरवडू नका, फुंकू नका. किरणमापक यंत्राने तपासून घ्या. दिवा दुरुस्त करायला काच उघडावी लागतच नाही. बहुतेक मीटरांत होल्डर मागून निघतो.

१९८४ च्या भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या धंद्यातील मालकाने कामगारांना धोक्याची माहिती द्यावी, असे कलम आले. चांगले झाले. पण चारपाच पोरांच्या गॅरेजापर्यंत तो कायदा कधी पोचलाच नाही. तिथे माहिती पोचवायची तर ती मिस्त्रीने पोऱ्याला आणि मालकाने मिस्त्रीला सांगूनच पोचणार.

आपल्यापैकी काहींच्या घरी जुनी गाडी असेल. ती गॅरेजात द्याल तेव्हा, तबकडीवर कसला रंग आहे हे ठाऊक असल्यास मिस्त्रीला आधी सांगा. ठाऊक नसल्यास तेही सांगा. ऑरेंजच्या मुलींना एवढे कोणी सांगितले असते, तर पुष्कळजणी वाचल्या असत्या.