बर्लिनला मुलाकडे जाताना: व्हिसापासून किब्ल्यापर्यंत

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून रहाटणी, काळेवाडी, थेरगाव भागातल्या घरांत जर्मनी हे नाव परके राहिले नाही. कोणाचा मुलगा कंपनीकडून गेला, कोणाची मुलगी शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आता अम्मी-अब्बांनी दोन महिने जाऊन राहावे, असा आग्रह होतो. आमच्याकडे सर्वाधिक विचारणा बर्लिनबद्दल होते, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

मुलाकडे जाण्यासाठी शेनगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. त्याहून लहानांना शुल्क नाही. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाची मुदत पंधरा दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. म्हणून तिकीट आधी काढून टाकले आणि व्हिसा नंतर, असे करू नका.

खर्च मुलगा करणार असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र घ्यावे. त्याला जर्मनीत 'फेरफ्लिश्टुंग्जएर्क्लेरुंग' म्हणतात. नाव जड आहे, पण कागद फार कामाचा. त्याची मूळ प्रत इथे मागवावी लागते, नुसता व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावांची. पासपोर्टवर 'शेख'च्या स्पेलिंगमध्ये ए-आय, आधारवर ई-आय. मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एकेरी, शाळेच्या दाखल्यावर पूर्ण. आईचे नाव निकाहनाम्यात माहेरचे, बँकेत सासरचे, आणि कुठे शेवटी 'बी', कुठे 'बेगम'. आपल्याला ही सगळी एकच बाई आहे हे कळते, पण अर्ज तपासणाऱ्याला ते कागदावरून कळायला हवे. मुलगा आणि आई यांचे नातेच सिद्ध झाले नाही, तर भेटीचे कारणच डळमळीत होते. आमचे सांगणे असे की पासपोर्टवरचे नाव पक्के धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवत आणा. जे जुळत नाही त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून सोबत एक साधे पत्र जोडा. नाव पूर्णच बदललेले असेल तर राज्याच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्या. महापालिकेकडची विवाह नोंदणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र जास्त सोपे पडते. या कामाला दोन-तीन महिने सहज जातात, सुरुवात इथूनच करा.

व्हिसाच्या फोटोत डोक्यावर ओढणी किंवा हिजाब चालतो, चेहरा मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला बहुधा ते त्रास होत नाहीत. आणखी एक: नकार आला तर पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करता येई. जर्मनीने ती पद्धत जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज करायचा किंवा थेट बर्लिनच्या न्यायालयात जायचे. म्हणून पहिलाच अर्ज नीट भरा.

प्रवास विमा निदान ३०,००० युरोचा लागतो. त्यात तातडीचे उपचार, आणि अल्लाह न करो, मृत्यू झाल्यास मय्यत मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. स्वस्तातला विमा घेताना लोक एक ओळ वाचत नाहीत: आधीपासून असलेले आजार वगळले आहेत का? अब्बांना शुगर, अम्मींना बीपी, आणि विम्यात दोन्ही वगळलेले, अशी गत होते. थोडे जास्त पैसे गेले तरी हे आजार धरणारा विमा पाहा. औषधे पुरेशी न्या, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी ठेवा. तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. जीवावरचा प्रसंग असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण प्रसंग तितका गंभीर नाही, तेव्हा ११६११७.

सामानात काय भरायचे यावर घराघरांत वाद होतात. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे खिमा नको, खव्याचे पेढे नकोत, तूपही नको. प्रमाणपत्राशिवाय आंबे आणि कढीपत्ता चालत नाही. खजूर चालतात. विमान दुबईत बदलणार असेल तर मसाल्याच्या डब्यातली खसखस काढून ठेवा, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

बर्लिनचे विमानतळ २०२० मध्ये सुरू झाले. ते शहराच्या बाहेर, भाड्याच्या 'सी' पट्ट्यात येते, म्हणून तिकीट 'ए-बी-सी' असे घ्यावे लागते. फलाटावर मशीनमधून काढलेले कागदी तिकीट बहुधा शिक्का मारूनच वापरायचे असते. फलाटावर कोणी अडवत नाही, फाटक नाही. तपासनीस डब्यात साध्या कपड्यांत येतो. तिकीट खिशात असूनही त्यावर शिक्का नसेल तर ६० युरो जातात. रस्त्यावर सायकलींची वेगळी पट्टी असते, तिच्यावर उभे राहून फोटो काढू नका.

रविवारी बहुतेक दुकाने बंद, किराणा शनिवारीच आणावा. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. संडासात पाणी नसते, फक्त कागद. घरातून छोटा तांब्या किंवा दाबायची बाटली घेऊन जा, याइतका उपयोगी सल्ला आमच्याकडे दुसरा नाही.

हलालची चिंता बर्लिनमध्ये फारशी नाही. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार करार झाला, आणि क्रॉइझबर्ग, नॉयकोल्न, वेडिंग या भागांत तुर्की वस्ती वाढली. पुढे अरब आले. नॉयकोल्नच्या सोनेनआली रस्त्यावर अरबी पाट्या ओळीने दिसतात. 'हेलाल' लिहिलेले दुकान पाहा. मात्र तिथे प्राण्याला आधी बेशुद्ध न करता जिबह करायला खास परवानगी लागते, त्यामुळे पुष्कळसे हलाल मांस बेशुद्ध करूनच कापलेले असते. तुमच्या आलिमांना आधी विचारून घ्या. पाकिटावर 'श्वाइन', 'श्पेक', 'शिंकेन', 'श्माल्झ' आणि 'गेलाटिने' हे शब्द ओळखता आले पाहिजेत. शेवटचा मुलांच्या गोळ्यांत हमखास सापडतो.

नमाजसाठी एक सवय मोडावी लागते. इथे आपण पश्चिमेकडे तोंड करतो. बर्लिनहून किब्ला आग्नेय दिशेला आहे. जूनमध्ये मगरिब रात्री साडेनऊच्या सुमारास आणि इशा मध्यरात्रीच्या आसपास जाते, डिसेंबरमध्ये मगरिब दुपारी चारच्या सुमारास होते. इशा-फज्रच्या वेळा मशिदीमागे वेगवेगळ्या धरल्या जातात, म्हणून जवळच्या मशिदीचे वेळापत्रक घ्या. कोलुम्बियाडाम रस्त्यावरची शेहितलिक मशीद तुर्की दफनभूमीला लागून आहे, तिथे जुम्मा पढता येतो. विल्मर्सडॉर्फची मशीद जर्मनीतली आज उभी असलेली सर्वात जुनी. ती १९२० च्या दशकात लाहोरच्या अहमदिया अंजुमनने बांधली, हे जाण्याआधी माहीत असावे.

निकाब घालणाऱ्या भगिनींनी लक्षात घ्यावे की जर्मनीत रस्त्यावर चेहरा झाकण्यावर सरसकट बंदी नाही, पण फ्रान्स, बेल्जियम, ऑस्ट्रियात आहे. मुलगा शनिवार-रविवार पॅरिसला नेणार असेल तर आधी विचार करा.

पाहण्यासाठी ब्रांडेनबुर्ग गेट आणि संसदेचा काचेचा घुमट आहे. घुमटाला पैसे लागत नाहीत, पण आधी नावनोंदणी आणि पासपोर्ट हवा. इस्लामी कलेचे दालन असलेले पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे, २०२७ पासून टप्प्याटप्प्याने उघडण्याचे ठरले आहे. हुम्बोल्ट विद्यापीठासमोरून जाल तर थोडे थांबा: तेव्हाच्या बर्लिन विद्यापीठातूनच डॉ. झाकिर हुसैन यांनी १९२६ मध्ये डॉक्टरेट घेतली, पुढे ते राष्ट्रपती झाले.

पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावास टियरगार्टनस्ट्रासे १७ इथे आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स एक मुलाकडे, एक रहाटणीच्या घरी ठेवून निघा.