अंतःस्थापित डीफिब्रिलेटर : रुग्णनिवडीचा इतिहास

हृदयाच्या निलयांचे स्पंदन अतिजलद किंवा विस्कळीत झाले असता ते ओळखून विद्युत् आघाताने पूर्ववत करणाऱ्या, शरीरात कायम बसविलेल्या उपकरणास अंतःस्थापित डीफिब्रिलेटर म्हणतात. ते सामान्यतः गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसवून त्याची तार शिरेतून उजव्या निलयात नेतात. हृद्‌रोगाच्या प्रत्येक रुग्णास त्याची गरज नसते. त्यामुळे या उपकरणाचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे ते कोणास बसवावे, या प्रश्नाचा इतिहास होय.

वॉर्सा येथे जन्मलेले मीशेल मिरॉव्हस्की यांना आपल्या वरिष्ठ सहकाऱ्याच्या आकस्मिक मृत्यूमुळे ही कल्पना सुचली. मॉर्टन मॉवर यांच्या साहाय्याने त्यांनी बॉल्टिमोर येथे प्रयोग केले व ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मानवी शरीरात पहिले उपकरण बसविण्यात आले. आरंभी हृदय बंद पडूनही वाचलेल्यांचीच निवड होत असे. असे रुग्ण ओळखणे सोपे होते. परंतु पहिल्याच आघातात दगावणाऱ्या बहुसंख्यांना या निकषाचा उपयोग नव्हता.

धोका आधी ओळखण्याचा एक प्रयत्न अनिष्ट ठरला. झटक्यानंतर आढळणारे अनियमित ठोके औषधांनी दडपल्यास मृत्यू टळतील, असा समज होता. १९८९ मध्ये ‘कास्ट’ चाचणीत ठोके कमी झाले; मात्र एन्केनाइड व फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. त्यानंतर डाव्या निलयाची कार्यक्षमता हा निकष पुढे आला. निलयातील रक्तापैकी प्रत्येक आकुंचनात बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताच्या शेकडा प्रमाणास इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. प्रतिध्वनी आलेखाने, म्हणजे ‘इको’ तपासणीने, ते सुईटोचणीशिवाय मोजता येते.

१९९६ च्या ‘मॅडिट’ चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शनबरोबर विद्युत् परीक्षणही आवश्यक होते. २००२ च्या दुसऱ्या ‘मॅडिट’ चाचणीत जुना झटका व ३० टक्के किंवा त्याहून कमी इजेक्शन फ्रॅक्शन एवढेच निकष ठेवले. १,२३२ रुग्णांच्या या चाचणीत मृत्यूचे प्रमाण १९·८ टक्क्यांवरून १४·२ टक्क्यांवर आले. २००५ मध्ये हृद्‌निष्फलतेच्या २,५२१ रुग्णांवरील चाचणीने ३५ टक्क्यांपर्यंतच्या मर्यादेस आधार दिला. मात्र झटक्यानंतर लगेच उपकरण बसविल्यास एकूण मृत्यू घटत नाहीत, असे २००४ च्या ‘डायनामिट’ चाचणीत दिसून आले. बधिर झालेला स्नायू काही काळाने सावरू शकतो. म्हणून झटक्यानंतर किमान ४० दिवस थांबून व योग्य औषधोपचार देऊन पुन्हा मोजणी करतात. रुग्ण वर्षाहून अधिक काळ बऱ्या स्थितीत जगेल, अशी अपेक्षाही असावी लागते.

ही दुसरी मोजणीच ग्रामीण रुग्णाच्या बाबतीत सुटण्याचा संभव अधिक असतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर मार्गावरील गाव आहे. अशा गावचा रुग्ण शहरात उपचार घेऊन परततो, त्याला बरे वाटू लागते व पुन्हा तपासणीला जाण्याचे कारण त्याला दिसत नाही. दक्षिण आशियात पहिला झटका इतर प्रदेशांच्या तुलनेने कमी वयात, मध्यमान ५३ व्या वर्षी येतो, असे ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आढळले. साहजिकच येथे कुटुंबाचा कर्ता माणूस धोक्यात असतो. जुना झटका, अकारण मूर्च्छा, वाढती धाप आणि घराण्यातील तरुणांचे आकस्मिक मृत्यू यांची नोंद गावातील वैद्यही घेऊ शकतो. तीवरून कोणास पुढे पाठवावे हे ठरते.

या निकषांनाही मर्यादा आहेत. आकस्मिक मृत्यूंपैकी अनेक इजेक्शन फ्रॅक्शन फारसे न घटलेल्यांत होतात. रोहिण्यांचा रोग नसलेल्या हृद्‌निष्फलतेत उपकरणाने एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असे २०१६ च्या डॅनिश चाचणीत आढळले. अनावश्यक आघात, जंतुसंसर्ग व घटसंच संपल्यावर उपकरण बदलण्याचा खर्च हे दोषही आहेत. उपकरण मूळ रोग बरा करीत नाही. म्हणून औषधे चालूच ठेवावी लागतात.