हाड जोडून झाल्यावर

रात्री कॅज्युअल्टीत एक बाई येते. हात मोडलाय. ‘बाथरूममध्ये पडले,’ ती सांगते. शेजारी नवरा उभा. डॉक्टर प्लास्टर घालतात, केसपेपरवर ‘पडून इजा’ लिहितात आणि ती त्याच घरी परत जाते. उपचारात चूक काहीच नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. अशी नोंद आमची सिस्टिमही मुकाट्याने घेईल. सगळे रकाने भरलेले, फक्त माहिती खोटी.

मुंबईत यावर उत्तर शोधायची सुरुवात रे रोडच्या जवळच झाली. हार्बर लाइनवर इथून दुसरं स्टेशन सँडहर्स्ट रोड, तिथून जे. जे. रुग्णालय चालत गाठता येतं. १८४५ पासून तिथे रुग्ण तपासले जात होते. आसपास गोदी, गोदामं, गिरण्या. पण बरा झालेला माणूस जातो कुठे, खातो काय, घरी त्याला कोण सांभाळतं, हे बघणं कुणाच्या ड्युटीत नव्हतं.

१९२०च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ सुरू केलं. १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशातून तिथेच समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आज आपण तिला टिस म्हणतो. पुढे दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, जे. जे.त भारतातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला.

१९८४ मध्ये टिसने मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला, तोही पोलीस आयुक्तालयातच. म्हणजे समाजसेवकाने आपलं वेगळं ऑफिस थाटून लोकांची वाट पाहिली नाही. माणसं जिथे येतातच, तिथे जाऊन तो बसला.

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ सुरू केलं, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. काही वर्षांनी कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही ते आलं. रुग्णालयच का? कारण पोलीस चौकीत जाते म्हटलं की घरात भांडण पेटतं. दवाखान्यात जाते म्हटलं तर सहसा कुणी अडवत नाही. नर्सला, डॉक्टरला खुणा ओळखायला शिकवलं जातं. समुपदेशक आधी विचारते, ‘आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का?’ नसेल, तर देखरेखीसाठी म्हणून वॉर्डमध्येच ठेवून घेता येतं. मग पोलीस, वकील, आश्रयगृह.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने या सगळ्यांना एका कागदावर आणलं. अशा बाईला उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक झालं. पण कायदा कामाला लागायचा तर आधी तिला बोलता यायला हवं. त्यासाठी कॅज्युअल्टीतल्या कुणीतरी नवऱ्याला औषधं आणायला बाहेर पाठवावं लागतं, आणि तेवढ्या पाच मिनिटांत हळूच विचारावं लागतं, ‘ताई, खरंच पडलात का?’